रिफाइंड तेल बंद करावं का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मागून वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. घरात पाच माणसं. बरीच वर्षं सूर्यफुलाचं रिफाइंड वापरताय, १५ किलोचा डबा साधारण दोन महिने जातो. सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि त्याच सुमारास घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरला. त्यात म्हटलंय की रिफाइंडमध्ये पेट्रोलसारखं रसायन, कॉस्टिक सोडा आणि ब्लीच घालतात आणि ते खाऊन शरीराला आतून सूज येते. नणंद म्हणतात, सगळं सोडा, तूप आणि खोबरेल वापरा. जवळचा लाकडी घाणीवाला शेंगदाण्याचं तेल देतो, पण दुपटीहून जास्त भावाने. उरलेला डबा फेकून द्यावा का, असं तुम्ही विचारलंय.

फेकू नका. पण तेवढंच सांगून थांबलो तर ते अर्धवट उत्तर होईल, कारण तुमच्या घरात तेलाची अडचण आहेच. फक्त व्हिडिओ दाखवतो तिथे ती नाही.

आधी माझी बाजू सांगून टाकतो, म्हणजे माझं कितपत मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. माझी उमेदीची वर्षं तेल रिफायनरीच्या प्रयोगशाळेत गेली, म्हणजे रिफायनरीचं मीठ खाल्लेलं आहे. आता छोट्या घाणीवाल्यांच्या तेलाचे नमुने तपासून देतो, म्हणजे हल्ली मीठ त्यांचं खातो. दोन्हीकडचं चांगलं काम पाहिलंय आणि दोन्हीकडची लबाडीही. डॉक्टर मात्र मी नाही. सासऱ्यांच्या औषधांबद्दल खाली दोन वाक्यं लिहिली आहेत, त्यापलीकडचं त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा.

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेत. तेल काढलं आणि शुद्ध केलं कसं, हा एक. ते कोणत्या बियांचं, हा दुसरा. आणि घरात आल्यावर आपण ते किती घालतो, किती वेळा तापवतो, हा तिसरा. व्हिडिओवाले पहिल्यावरच अडून बसतात, कारण कारखान्याची चित्रं दाखवून घाबरवणं सोपं असतं. माझ्या अनुभवात तब्येतीवर परिणाम करणारी गोष्ट बहुतेक घरांत तिसरी असते.

तरी भीती पहिल्या प्रश्नाची आहे, तर तिथूनच सुरुवात करू. शेंगदाण्यात वजनाच्या ४५ ते ५० टक्के तेल असतं, दाबलं की निघतं. सोयाबीनमध्ये ते १८ ते २० टक्केच. लातूर-अकोल्याकडचं सोयाबीन लाकडी घाण्यात घातलं तर निघणाऱ्या तेलात विजेचं बिलही सुटायचं नाही. म्हणून सोयाबीनचे पातळ पापुद्रे करून त्यावरून हेक्झेन सोडतात. हा पेट्रोलियमपासून मिळणारा द्रव तेल विरघळवून घेतो. ‘पेट्रोलसारखं रसायन’ म्हणतात ते हेच. व्हिडिओने हे खोटं सांगितलेलं नाही, पुढचं सांगितलेलं नाही. हेक्झेन ६९ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतो. कारखाना तो फुकट घालवत नाही, वाफ करून, थंड करून पुन्हा वापरतो, कारण तो विकत घ्यावा लागतो. तेलात मागे राहिलेला अंश शेवटच्या टप्प्यात उडतो, जिथे उंच टाकीत हवा काढून घेऊन तेल २३० ते २५० अंशांपर्यंत तापवतात आणि खालून वाफ सोडतात. रिफाइंड तेलात किलोमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त हेक्झेन चालत नाही, ही आपल्याकडची कायदेशीर मर्यादा आहे. आणि हेक्झेनने काढलेलं तेल रिफाइन न करता खाण्यासाठी विकताच येत नाही. तुमच्या सूर्यफुलाचं म्हणाल, तर ते बी सहसा आधी एक्स्पेलरमध्ये, म्हणजे दाबून तेल काढणाऱ्या यंत्रात, दाबतात आणि पेंडीत उरलेलं तेल तेवढं हेक्झेनने काढतात.

आता कॉस्टिक. कच्च्या तेलात थोडी सुटी फॅटी आम्लं असतात. बी जुनं, ओलं किंवा किडकं असेल तर ती वाढतात आणि तेल लवकर खवट होतं. प्रयोगशाळेतलं माझं रोजचं काम ती मोजण्याचं. फ्लास्कमध्ये तेल तोलून घ्यायचं, त्यात गरम अल्कोहोल आणि फिनॉल्फ्थॅलिनचे काही थेंब टाकायचे आणि वरून ब्युरेटमधून कॉस्टिकचं पातळ द्रावण थेंबाथेंबाने सोडत फ्लास्क हलवत राहायचा. फिकट गुलाबी रंग आला आणि अर्धा मिनिट टिकला की आकडा लिहायचा. त्यावरून निघणारा आम्लांक कच्च्या शेंगदाणा तेलाला ६ पर्यंत चालतो, रिफाइंडला ०.५ च्या वर चालत नाही. कारखान्यात हीच क्रिया टनावारी होते. कॉस्टिक त्या सुट्या आम्लांशी मिळून साबण होतो, सेंट्रिफ्यूज तो वेगळा काढतं आणि तेल गरम पाण्याने धुतात. तो साबणाचा गाळ साबणवाले घेऊन जातात. कॉस्टिक तुमच्या भाजीपर्यंत पोचत नाही.

ब्लीचिंग म्हणजे कपड्यांचं ब्लीच असं लोकांना वाटतं. तेलात घालतात ती माती असते, मुलतानी मातीच्या जातीची, आम्लाची प्रक्रिया केलेली. ती रंग, धातूंचे अंश आणि उरलासुरला साबण शोषून घेते आणि मग गाळून काढली जाते.

काही तेलांच्या बाबतीत हे शुद्धीकरण झालंच पाहिजे, हेही सांगायला हवं. खानदेश-विदर्भातल्या सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं. ते कॉस्टिकच्या टप्प्यात निघून जातं, म्हणून सरकीचं तेल खाता येतं. तांदळाच्या कोंड्यात तर एक विकर (एन्झाइम) असतं, ते गिरणीतून कोंडा बाहेर पडताच तेलाचं आम्ल करायला लागतं. तसलं कच्चं तेल कुणी ‘नैसर्गिक’ म्हणून दिलं तरी मी घेणार नाही.

मग रिफाइंडमध्ये दोष काहीच नाही का? आहेत, आणि व्हिडिओवाल्यांना नेमके तेच माहीत नसतात. पहिला दोष शेवटच्या टप्प्यातल्या उष्णतेचा. तेल २०० अंशांच्या वर फार वेळ राहिलं तर त्यात ग्लिसिडिल एस्टर आणि ३-एमसीपीडी एस्टर नावाची संयुगं तयार होतात. पाम तेलात सर्वात जास्त, इतरांत कमी. यातल्या ग्लिसिडिल एस्टरपासून शरीरात सुटणाऱ्या ग्लिसिडॉलला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोगाची बरीच शक्यता असलेल्या गटात ठेवलंय, आणि युरोपीय संघाने २०१८ पासून खाद्यतेलातल्या ग्लिसिडिल एस्टरवर किलोमागे १ मिलिग्रॅमची मर्यादा घातली. चांगला कारखाना तापमान आणि वेळ आवरून हे प्रमाण खाली ठेवू शकतो. घाईत माल काढणारा आणि वास मारण्यासाठी जास्त तापवणारा ठेवत नाही. बाहेरून पिशवी बघून तुम्हाला-मला हा फरक कळत नाही, हे खरं आहे.

दुसरा दोष ई जीवनसत्त्वाचा. त्याचा काही भाग शेवटच्या टाकीतून वाफेबरोबर निघून जातो. ती वाफ थंड करून मिळणारा चिकट द्रव ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या बनवणारे विकत घेतात. म्हणजे तुमच्या तेलातून निघालेला ऐवज पुढे औषधाच्या दुकानात चढ्या भावाने मिळतो. तरीही सूर्यफुलाच्या रिफाइंडमध्ये ई जीवनसत्त्व बऱ्यापैकी उरतं.

ट्रान्स फॅटचं एक गैरसमजाचं प्रकरण आहे. रिफाइंड तेल आणि वनस्पती तूप या दोन निराळ्या वस्तू. ट्रान्स फॅटची बदनामी झाली ती मुख्यतः हायड्रोजन घालून घट्ट केलेल्या वनस्पती तुपामुळे, आणि ती रास्त होती. रिफाइंडमध्ये उष्णतेमुळे अगदी थोडं ट्रान्स फॅट तयार होतं. आपल्याकडे तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा ५ टक्के होती, ती जानेवारी २०२१ मध्ये ३ आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के झाली. हा बदल खरोखर मोठा होता, पण त्याचा व्हिडिओ काही कुणी पाठवत नाही.

आता घाण्याकडे वळू. चांगल्या शेंगदाण्याचं लाकडी घाण्याचं तेल मला स्वतःला आवडतं. आमच्या घरी फोडणी त्याचीच असते. पण ते आपोआप सुरक्षित असतं हे मला मान्य नाही. ओलसर साठवलेल्या शेंगदाण्यावर बुरशी येते आणि ती अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार करते. त्यातलं बरंचसं पेंडीत राहतं, पण थोडं तेलात उतरतं, विशेषतः तेल गढूळ, न गाळलेलं असेल तर. फोडणीच्या उष्णतेने ते जात नाही. रिफायनरीत कॉस्टिक आणि माती मिळून ते जवळजवळ सगळं काढतात. घाण्यावर काढणारं कुणी नसतं. तिथे तुमचा बचाव एकच, तो म्हणजे आत जाणारा दाणा. म्हणून तेल घेण्याआधी पोतं उघडून दाणे दाखवायला सांगा. सुरकुतलेले, काळपट, तुटके दाणे मोठ्या प्रमाणात दिसले की समजायचं, निवडून फेकलेला स्वस्त माल घाण्यात चाललाय. दोन-चार दाणे तोंडात टाकून बघा. कडू, खवट लागले तर तिथून निघा. जो दाणे दाखवायला कां-कू करतो त्याच्याकडचं तेल घेऊ नका, मग बैल लावलेला घाणा का असेना.

भेसळ ओळखायला साधं अंकगणित पुरतं. घाण्यात एक किलो तेलाला साधारण अडीच किलो दाणे लागतात. दाणे १३० रुपये किलो धरा, म्हणजे ३२५ रुपयांचे दाणे झाले. दीड किलोच्या आसपास पेंड निघते, ती ४५ रुपयांनी गेली तर ६५-७० रुपये परत. म्हणजे नुसता माल २५५-२६० रुपयांचा, त्यावर मजुरी, वीज, भाडं, बाटली आणि त्याचा नफा. तो ३३०-३४० सांगत असेल तर लुटत नाहीये. २०० रुपयांत ‘शुद्ध लाकडी घाणा’ देत असेल तर आत सोयाबीन किंवा पामोलीन (पाम तेलाचा पातळ भाग) आहे असं खुशाल समजा. माझ्याकडे येणाऱ्या नमुन्यांत संशय घ्यावा असे बहुतेक याच भावातले असतात. भाव बदलतील, हिशोब हाच ठेवा.

सुटं तेल पातेल्यात घेऊन येणं तर टाळाच. सुटं खाद्यतेल विकायला कायद्याने मनाई आहे आणि तिला कारण आहे. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं आणि साठाहून जास्त माणसं दगावली. ते कच्चं, पारंपरिक, वासाचं तेलच होतं. तुमचा घाणीवाला परवाना क्रमांक, तारीख आणि वजन छापून बंद बाटलीत देत असेल तर उत्तम.

सूज येण्याचा मुद्दा जरा गुंतागुंतीचा आहे, कारण त्यात तथ्याचा एक कण आहे. सूर्यफुलाच्या नेहमीच्या तेलात साठ टक्क्यांच्या आसपास लिनोलेइक आम्ल असतं, म्हणजे ओमेगा-६. करडईत ते पाऊणशे टक्क्यांपर्यंत जातं. ओमेगा-६ पासून शरीर सूज वाढवणारी काही द्रव्यं बनवतं, म्हणून जास्त ओमेगा-६ म्हणजे जास्त सूज, असा तर्क. कागदावर तो बरोबर वाटतो. पण प्रत्यक्ष माणसांना जास्त लिनोलेइक आम्ल देऊन रक्त तपासलं तेव्हा सूज दाखवणारे आकडे काही वाढले नाहीत. उलट बाजूला दोन जुने प्रयोग नेहमी पुढे केले जातात. सिडनीत १९६६ ते १९७३ मध्ये हृदयविकार झालेल्या पुरुषांना करडईचं तेल आणि त्याचं मार्गारिन दिलं होतं, आणि अमेरिकेत मिनेसोटात १९६८ ते १९७३ मध्ये मक्याचं तेल. या दोन्हींची जुनी माहिती २०१३ आणि २०१६ मध्ये पुन्हा तपासली गेली. कोलेस्टेरॉल कमी झालं होतं, पण मृत्यू कमी झाले नव्हते. सिडनीत तर वाढले होते. त्या मार्गारिनमध्ये ट्रान्स फॅट असावं, असा आक्षेप त्यावर घेतला जातो. दुसरीकडे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये उपलब्ध पुरावा तोलून सांगितलं की संपृक्त (सॅच्युरेटेड) चरबीच्या जागी अशी तेलं आली तर हृदयविकार कमी होतो.

यातून मी काढतो तो अर्थ असा. सूर्यफूल विष नाही, पण एकच ओमेगा-६ वालं तेल बादलीने ओतत राहण्यातही शहाणपण नाही. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था तेलं मिसळून किंवा आलटून-पालटून वापरायला सांगते, ते मला पटतं. शेंगदाण्यात एकअसंपृक्त चरबी निम्म्याच्या जवळपास असते. सोयाबीन आणि मोहरीत थोडं ओमेगा-३ असतं. आणि ओमेगा-३ हवंच असेल तर तेलाच्या जाहिरातीपेक्षा जवसाची चटणी बरी. जवसाच्या तेलातला निम्म्याहून जास्त भाग तेच असतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या घरांना हे नव्याने सांगायला नको.

नणंदेचा सल्ला मात्र सासऱ्यांसाठी मी मानणार नाही. खोबरेलात जवळजवळ ९० टक्के संपृक्त चरबी असते, तुपात साठच्या पुढे. अशी चरबी वाढली की बहुतेकांचं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं. वरणभातावर चमचाभर तूप वेगळं, आणि सगळा स्वयंपाक तुपात-खोबरेलात वेगळा. कोकणातली, गोव्यातली माणसं खोबरेलावर जगलीच की, असं लोक म्हणतात. जगली, पण महिन्याला किती खोबरेल लागत होतं आणि दिवसभर किती अंगमेहनत होत होती, हे त्या वाक्यात कुणी धरत नाही.

आता तुमच्या डब्याचं गणित करू. १५ किलो म्हणजे १५,००० ग्रॅम. पाच माणसं, ६० दिवस. माणशी रोज ५० ग्रॅम तेल. बैठं काम करणाऱ्याला वरून घातलेलं तेल-तूप मिळून रोज साधारण २० ते ३० ग्रॅम पुरतं, असं पोषण संस्थेचं मार्गदर्शन आहे. अंगमेहनत करणाऱ्याला जास्त चालतं. तुमच्याकडे लहान मुलं असतील, वर्षातून दोनदा पापड-कुरडया तळून तेल टाकून देत असाल, पाहुणे असतील, तर आकडा थोडा खाली येईल. तरी तो दुपटीच्या घरात आहे. ५० ग्रॅम तेल म्हणजे ४५० कॅलरी, नुसत्या तेलाच्या. आणि यात बाहेरचं काही धरलेलं नाही. तुम्ही एकट्या नाही. नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालात देशाचा माणशी खप वर्षाला १९.७ किलो दिलाय, म्हणजे बाहेरचं धरून रोज ५४ ग्रॅम.

रिफाइंड तेलावर माझा खरा आक्षेप इथे आहे. त्याला वास नाही, रंग नाही, चव नाही आणि ते स्वस्त आहे. घाण्याचं तेल जास्त पडलं तर भाजीला वास येतो, खाणारा बोलतो. रिफाइंड जास्त पडलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. पूर्वी तळण सणावारी व्हायचं, कारण तेल महाग होतं. आता बुधवारी संध्याकाळी भजी होतात.

कमी कुठे करायचं, हे प्रत्येक घरात वेगळं निघतं. तुमच्या घरात पोळ्या किती होतात ते बघा. कणकेत तेल, लाटताना घडीत तेल आणि तव्यावर वरून तेल, असं तीनदा लागत असेल तर एक जागा ठेवा, दोन सोडा. फोडणीसाठी बरणीतून थेट ओतणं बंद करा आणि चहाच्या चमच्याने मोजा. एक चमचा म्हणजे साडेचार ग्रॅमच्या आसपास. वांगं आणि बटाट्याच्या काचऱ्या या दोन भाज्या गुपचूप तेल पितात, त्यांना झाकण ठेवून पाण्याची वाफ द्या. रश्श्यावरची तर्री तशीच ठेवायची असेल तर ठेवा, फक्त रोज नको.

माणशी २५ ग्रॅमवर आलात तर महिन्याला पावणेचार किलो तेल लागेल. आता भाव बघा. सूर्यफूल १६० रुपये किलो धरलं तर आज तुम्ही महिन्याला साडेसात किलोचे १,२०० रुपये देताय. उद्या पावणेचार किलो घाण्याचं ३४० रुपयांनी घेतलंत तर १,२७५. म्हणजे घाण्याचं तेल परवडत नाही, असं नाही. आत्ता लागतं तेवढं घेतलं तरच ते परवडत नाही. दोन्ही मिळूनही वापरता येईल. फोडणीला घाण्याचं, जिथे वास नको तिथे रिफाइंड. मी तसंच करतो.

तळणाबद्दल मी मात्र कडक आहे. तेल एकदा तळायला वापरलं की गाळून, झाकून दोन-चार दिवसांत भाजी-फोडणीत संपवा. त्यात पुन्हा तळू नका आणि त्यात नवीन तेलाची भर घालू नका, जुनं तेल नव्याला लवकर बिघडवतं. सूर्यफूल, करडई ही तेलं पुन्हापुन्हा तापवली की शेंगदाणा किंवा राइस ब्रॅनपेक्षा लवकर तुटतात आणि त्यातून आल्डिहाइड गटातली त्रासदायक द्रव्यं निघतात. तेल काळवंडलं, पूर्वीपेक्षा घट्ट वाटलं, वर न बसणारा फेस आला किंवा नेहमीपेक्षा लवकर धूर यायला लागला, की ते गेलं. हॉटेलांसाठी १ जुलै २०१८ पासून नियम आहे की तळणाच्या तेलातली ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल तापून तुटल्यावर तयार होणारी द्रव्यं, २५ टक्क्यांच्या वर गेली तर ते टाकलं पाहिजे. नियम चांगला आहे. पण गाड्यावरच्या कढईत सकाळी कालचंच तेल असतं आणि त्यावर दिवसभर नव्याची भर पडत राहते, हे आपण सगळे बघतो. सासऱ्यांना घरी ताज्या तेलातला एक वडा देणं मला त्या कढईतल्या वड्यापेक्षा कितीतरी बरं वाटतं.

फरसाण, खारी, बिस्किटं, वेफर्स यांचंही तेच. पाकिटाच्या मागे घटक वाचा. ‘खाद्य वनस्पती तेल’ याच्यापुढे बहुधा पाम किंवा पामोलीन लिहिलेलं सापडेल. पामोलीनमध्ये संपृक्त चरबी ४० टक्क्यांच्या पुढे असते आणि वर सांगितलेल्या ग्लिसिडिल एस्टरमध्येही पाम पहिल्या नंबरावर आहे. घरातलं सूर्यफूल काढून टाकायचं आणि चहाबरोबर खारी चालू ठेवायची, हे उलटं झालं. ‘ब्लेंडेड’ तेल घेत असाल तर पुढचं मोठं चित्र सोडा आणि मागचं प्रमाण वाचा. पुढे ज्याचा फोटो असतो ते आत २० टक्केच असू शकतं.

सासऱ्यांसाठी दोनच गोष्टी. तेल बदललं म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी बंद करू नका. ‘आता घाण्याचं चालू केलंय, गोळीची गरज नाही’ असं म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. आणि त्यांचं वजन, साखर, रक्तदाब यावर त्यांना नेमकं किती तेल चालेल ते ठरतं. ते डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ सांगतील, मी नाही.

राहिला तो उरलेला डबा. तो वापरून संपवा, फक्त शेगडीजवळून हलवा आणि अंधाऱ्या, थंड जागी ठेवा. आठवड्यापुरतं तेल स्टीलच्या छोट्या बरणीत काढत जा, म्हणजे मोठ्या डब्याचं तोंड रोज उघडावं लागणार नाही. जुन्या रंगासारखा किंवा ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर मात्र टाकून द्या. तो संपला की १५ किलोचा डबा घेऊ नका, पाच लिटरचा कॅन घ्या आणि उघडाल त्या दिवसाची तारीख मार्करने त्यावर लिहा. पाच लिटर म्हणजे साडेचार किलोच्या आसपास. पाच माणसांना २५ ग्रॅमच्या हिशोबाने तो ३६ दिवस पुरायला हवा. पहिला कॅन २५ दिवसांत संपला तरी चालेल, दुसऱ्यावरही तारीख लिहा.